अकरा सेकंदांची थाप

पाणीपुरवठा कचेरीच्या अभिलेख शाखेतले हेडक्लार्क हे एका वेळी एकच काम करणारे गृहस्थ होते. जेवताना ते वाचत नसत, चालताना बोलत नसत, आणि कचेरीत खुर्चीवर बसले की बसण्याखेरीज दुसरं काहीच करत नसत, असं त्यांच्यावर जळणारे लोक म्हणत. अशा माणसाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, एकाच वेळी फुटबॉल बघायचा आणि पत्ते खेळायचे असं मनावर घ्यावं, हे त्यांचं त्यांनाही नवलच वाटत होतं.

हिवाळ्यात सर्दीने आठ दिवस घरी पडले असताना त्यांना संगणकावर पोकर खेळायचा नाद लागला होता. पैसे लावून नव्हे. पैसे लावायचे म्हटलं असतं तर हेडक्लार्कांनी आधी तीन दरपत्रकं मागवली असती. हा खेळ फुकटच्या चकत्यांवर चालायचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, पाच पत्ते सगळ्यांच्या समोर उघडे, आणि मधल्या वेळात आपल्याकडे काय आहे याविषयी एकमेकांना थापा मारायच्या. हेडक्लार्कांना आयुष्यात एकही थाप पचली नव्हती. खोटं बोलायला तोंड उघडलं की आधी त्यांचे कान लाल होत. संगणकावर कान दिसत नाहीत, हे त्यांना या खेळाचं सर्वांत मोठं सौंदर्य वाटलं.

खेळायला टोपणनाव लागतं. त्यांनी 'साधा माणूस' हे नाव मागितलं, तर ते आधीच गेलेलं होतं. शेवटी मिळालं ते 'साधामाणूस ४१'. आपल्या आधी चाळीस साधी माणसं तिथे येऊन थापा मारत बसली आहेत, हे कळल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं आणि थोडा धीरही आला.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या पत्त्यांच्या संकेतस्थळाने एक स्पर्धा जाहीर केली. फुटबॉलची मोठी स्पर्धा यंदा देशातच होती, महिनाभर, रोज संध्याकाळी साडेसहाला एक सामना. सामन्याची शिट्टी वाजली की इकडे पत्ते वाटायचे. सामन्यात गोल झाला की वीस सेकंदांच्या आत पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं. दाबलं तर जादा चकत्या, आणि गोल झालेला नसताना दाबलं तर जवळच्या काही चकत्या गुल. महिनाभराच्या गुणांवर पहिले नऊ जण उपांत्य सामन्याच्या दिवशी शेवटच्या टेबलावर बसणार होते. जिंकणाऱ्याला अंतिम सामन्याच्या दोन जागा, मैदानाच्या अगदी कडेला. पुढच्या दोघांनाही काहीबाही होतं, पण बक्षिसांची यादी हेडक्लार्कांनी पहिल्या ओळीपुढे वाचली नाही. कचेरीत आयुष्यभर ते दुसरे किंवा तिसरेच आले होते. इथे तरी तसं होऊ द्यायचं नव्हतं.

आता गोल दिसायला टीव्ही हवा, आणि टीव्ही अप्पांच्या ताब्यात होता.

अप्पा म्हणजे सासरे. बसडेपोत तेहतीस वर्षं टाइमकीपर. वसंतात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ते लेकीच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर होते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी घरातल्या बोळात रोज वीस फेऱ्या मारायला सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, "मी बसून नोकरी केलेला माणूस आहे. फिरणारे ते ड्रायव्हर." त्यानंतर त्या बाई वहीत रोज शून्य लिहून जात.

सासरे-जावयाचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण आदराने दोघांची अशी काही दातखीळ बसली होती की एकमेकांशी थेट बोलणं दोघांनाही उद्धटपणाचं वाटे. "चहा घेतील का विचार," हेडक्लार्क बायकोला म्हणत. "घेऊ म्हणावं," अप्पा लेकीला सांगत. दोघं तेव्हा एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले असत. बायको नर्स होती. दिवसभर डॉक्टर आणि पेशंट यांच्यात दुभाष्याचं काम करून यायची, आणि घरी येऊन पुन्हा तेच.

तेव्हा "अप्पा, तुमच्या खोलीत बसून पत्ते खेळू का?" हे विचारणं शक्यच नव्हतं. शिवाय अप्पांचं पत्त्यांशी जुनं वैर. डेपोतल्या ड्रायव्हरांचे पत्त्यांचे एकशे बारा कॅट त्यांनी जप्त केले होते, आणि हा आकडा ते पाहुण्यांना अजून सांगत. बायकोही त्याच शिस्तीत वाढलेली. पत्ता म्हणजे जुगार, जुगार म्हणजे घराला कुलूप, इथपर्यंत ती एका श्वासात पोचायची.

संगणक होता बोळात. त्याची तार भिंतीतून जिथे बाहेर पडते तिथून तो फारसा हलत नव्हता, आणि टीव्ही दिसायला आणखी चार फूट हवे होते. हेडक्लार्कांनी इंटरनेटवाल्यांना फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. जोडणी एका घरातून दुसऱ्या घरात हलवण्याचा अर्ज त्यांच्याकडे होता. एकाच घरात चार फूट हलवण्याचा नव्हता.

"मग मी काय करू?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"घर बदलण्याचा काही विचार आहे का सर?" ती म्हणाली. "म्हणजे मग अर्ज भरता येईल."

हे सगळं समोरच्या घरातल्या निवृत्त इंजिनिअरांनी उघड्या दारातून ऐकलं. इंजिनिअरांनी नोकरीत पुलांचे नकाशे काढले होते. त्यांतला एकही पूल प्रत्यक्ष बांधला गेला नाही, त्यामुळे एकही कधी पडला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाला कुठे तडा गेलेला नव्हता. "माणूस हलत नाही, टीव्ही हलत नाही, तर मग काय हलतं?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "प्रकाश. आरसा लावा."

बायकोच्या कपाटाचा आरसा दोघांनी मिळून उतरवला, पुढच्या खोलीच्या दाराशी एका स्टुलावर तिरका उभा केला आणि सुतळीने बांधला. इंजिनिअरांनी कोन मोजला. हेडक्लार्क बोळात संगणकापुढे बसले, आणि खरोखर, आरशात टीव्ही दिसू लागला. जरासा लहान, जरासा वाकडा, पण हिरवं मैदान, धावणारी माणसं, सगळं. बायको दुपारपाळीला होती, ती पावणेनऊला यायची. सामना आठ-वीसला संपणार. मधल्या वेळात आरसा जागेवर. योजना बिनतोड होती.

पहिल्या संध्याकाळी विसाव्या मिनिटाला निळ्यांनी गोल केला. हेडक्लार्कांनी हिरवं बटण दाबलं. चकत्यांचा ढीग वाढला. अर्ध्या मिनिटात निळ्यांनी आणखी एक गोल केला. हेडक्लार्कांनी पुन्हा दाबलं. लगेच तिसरा. मग चौथा. एवढा जबरदस्त संघ त्यांनी कधी पाहिला नव्हता. दर गोलाला ते खुर्चीतून अर्धे उठत आणि मूठ आवळत. आरशात आकडे उलटे दिसत असल्यामुळे नेमके किती झाले ते वाचता येत नव्हतं, पण मोजायची गरजच काय? फक्त एक गोष्ट त्यांना खटकत होती, की गोल वाढत होते तशा चकत्या कमी होत चालल्या होत्या.

आरसा दोन्ही बाजूंनी दाखवतो, ही गोष्ट इंजिनिअरांच्या नकाशात नव्हती. अप्पा खाटेवरून त्यात जावयाकडे बघत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. निरोप द्यायला लेक घरात नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तो गोल एकदाच झाला. बाकीचे त्याच गोलाचे परत परत दाखवणं आहे."

वीस वर्षांतलं हे त्यांचं जावयाशी बोललेलं पहिलं सरळ वाक्य. हेडक्लार्कांचे कान लाल झाले. ते दारात येऊन उभे राहिले आणि शाळेत पकडलं गेलेल्या पोरासारखं त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोकर, चकत्या, हिरवं बटण, साधामाणूस ४१. जप्तीची वाट बघत ते उभे होते.

अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पैसे?"

"नाहीत."

"थापा ओळखायच्या म्हणता?"

"हो. पण समोरचा दिसत नाही."

"ड्रायव्हरसुद्धा मला दिसायचे नाहीत," अप्पा म्हणाले. "फोनवर यायचे. आरसा काढा आधी. मघापासून मला तुमचंच तोंड दिसतंय त्यात."

चार फुटांचा प्रश्न अप्पांनी टाइमकीपरच्या पद्धतीने सोडवला. गाडी फलाटाला लागत नसेल तर फलाट गाडीकडे आणायचा. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांच्या मदतीने टीव्ही दारापर्यंत ओढला, तोंड बोळाकडे केलं, आणि अप्पांची आरामखुर्ची संगणकाशेजारी आणून ठेवली. बोळ इतका भरला की स्वयंपाकघरात जायचं तर इंजिनिअरांना अप्पांच्या पायांवरून उडी मारावी लागे. इंजिनिअरांचं स्वयंपाकघरात काय काम, हे कुणी विचारलं नाही. ते सल्ला देता देता पाणी पीत. सामना संपला की बायको यायच्या आत टीव्ही आणि खुर्ची पुन्हा जागेवर जात.

पहिले दोन दिवस अप्पा फक्त "गोल" आणि "गोल नाही" एवढंच सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि एक वही मागितली. वहीत रेघा मारून तीन रकाने पाडले: नाव, वेळ, शेरा.

"हे बघा जावईबापू," ते म्हणाले, "गाडी उशिरा आली की मी कारण विचारायचो. ज्याचा टायर खरंच फुटला तो लगेच सांगायचा, टायर फुटला. ज्याने चहा पीत वेळ काढला तो आधी जरा थांबायचा. तोंडाने कुणीही खोटं बोलेल. थांबण्यात खोटं बोलायला फार अक्कल लागते."

आणि खरोखरच, 'डॉक्टरघोडा' नावाचा कुणी एक होता, त्याच्याकडे चांगले पत्ते असले की तो दोन सेकंदांत चकत्या पुढे सरकवायचा. थाप असली की सात. 'शांतसमुद्र' उलटा होता. थाप तडकाफडकी, खरं सावकाश. 'काकू५८' सर्वांत अवघड. पण पाचव्या दिवशी अप्पांनी तिच्या नावापुढे लिहिलं: चार सेकंद, खरे. अकरा सेकंद, थाप. पुढच्या दोन आठवड्यांत हा शेरा एकोणीस वेळा तपासला गेला आणि एकोणीस वेळा बरोबर निघाला.

साधामाणूस ४१ दोनशेव्या क्रमांकावरून साठावर आला, साठावरून चौदावर. हेडक्लार्क कचेरीतून धावत घरी येऊ लागले, ज्यामुळे कचेरीत त्यांच्या घरी कुणीतरी फार आजारी असल्याची बातमी पसरली. अप्पांना मध्यंतरात स्वस्थ बसवेना. ते उठून काठी टेकत बोळात येरझाऱ्या घालू लागले आणि चालता चालता पुढची चाल सांगू लागले. व्यायामाच्या बाईंच्या वहीत शून्याच्या जागी आधी सहा आलं, मग चौदा, मग वीस. बायकोला भरून आलं. "अप्पांनी मनावर घेतलं बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही काही बोललात का त्यांच्याशी?"

"मी? छे," हेडक्लार्क म्हणाले. कान लाल झाले होते, पण ती आनंदात होती म्हणून सुटले.

शेवटच्या आठवड्यात ते सातव्या क्रमांकावर पोचले, आणि संकेतस्थळाचं पत्र आलं: अभिनंदन. शेवटच्या टेबलावर बसण्यापूर्वी आपण कुठे राहता याचा पुरावा पाठवावा, तीन महिन्यांच्या आतला.

हेडक्लार्कांनी घरातली सगळी कागदपत्रं काढली. विजेचं बिल अजून त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर येत होतं. फोन बायकोच्या नावाने. घर दोघांच्या नावाने, पण त्या कागदाला अकरा वर्षं झाली होती. दुपारभर शोधल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गेल्या तीन महिन्यांत या घरात आपण राहत असल्याची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे दाखले तपासले तो स्वतः कागदावर बेपत्ता होता.

एकच उपाय होता. नळजोडणीवरून रहिवासाचं पत्र मिळतं, आणि ते देते त्यांचीच शाखा. पण अर्जदाराने अर्ज स्वतः खिडकीवर, अकरा ते एकच्या दरम्यान द्यावा, आणि शाखेतल्या कर्मचाऱ्याचा अर्ज असल्यास त्याने रांग मोडू नये, असं एक परिपत्रक होतं. ते सहा वर्षांपूर्वी हेडक्लार्कांनीच काढलं होतं आणि त्याबद्दल त्यांना शाबासकीही मिळाली होती.

ते रांगेत उभे राहिले. पुढे नऊ माणसं. खिडकीत त्यांच्याच हाताखालची तरुण कारकून होती, दोन वर्षं त्यांनीच घडवलेली. त्यांचा नंबर आल्यावर तिने अर्ज वाचला, पट्टी काढली, डावीकडचा समास मोजला आणि अर्ज परत सरकवला.

"सर, समास दीड इंच आहे. दोन हवा."

"अगं, मी आहे."

"म्हणूनच सर," ती अदबीने म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता, ओळखीच्या माणसाचा समास दोनदा मोजायचा."

मागच्या माणसाने हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, यांच्यापुढे बोलून उपयोग नाही. इथे हेडक्लार्क म्हणून एक माणूस बसतो, त्याने सगळ्यांना असं करून ठेवलंय." हेडक्लार्क अर्ज उचलून रांगेतून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ते दोन इंच समास सोडून पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि घरी जाऊन त्या परिपत्रकाबद्दल पहिल्यांदा शांतपणे विचार केला. पत्र सातव्या दिवशी, म्हणजे उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी मिळालं.

त्या संध्याकाळी बोळात चार माणसांची दाटी होती, असं इंजिनिअर नंतर सांगत. प्रत्यक्षात तिघंच होते, पण इंजिनिअर दोघांची जागा घेत. सामना अटीतटीचा. नव्वद मिनिटांत गोल नाही, त्यामुळे हिरव्या बटणाचा उपयोग नाही, सगळी मदार पत्त्यांवर. अप्पांनी घड्याळाला चावी दिली होती. डॉक्टरघोडा तासाभरात बाहेर गेला. सात सेकंद थांबला आणि पकडला गेला. एकेक करत त्याच्यासकट सहा जण गेले. सव्वाआठला टेबलावर तिघं उरले होते: शांतसमुद्र, काकू५८ आणि साधामाणूस ४१. काकूंच्या चकत्या शांतसमुद्राच्या खालोखाल होत्या, आणि साधामाणसाच्या जवळपास तेवढ्याच.

महिनाभराच्या हिशेबात एक गोष्ट कुणीच धरली नव्हती. सामना बरोबरीत राहिला तर जादा वेळ खेळवतात.

जादा वेळही कोरडाच गेला. पेनल्ट्या सुरू झाल्या. तिसरा खेळाडू चेंडू ठेवत होता तेव्हा हेडक्लार्कांच्या हातात नव्वीची जोडी होती. समोर उघडे पडले होते एक्का, राणी, दश्शी, सत्ती आणि दुर्री. नव्वीच्या जोडीने अशा ठिकाणी मान खाली घालून उठावं, हे कुणीही सांगेल. शांतसमुद्राने पत्ते टाकले. पाळी काकूंची. एक सेकंद. दोन. चार गेले. अप्पा घड्याळावरून नजर काढेनात. आठ. नऊ. अकराव्या सेकंदाला काकूंनी आपल्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या.

"थाप," अप्पा म्हणाले.

"अप्पा, समोर एक्का आहे, राणी आहे."

"असू दे. अकरा सेकंद. विसाव्यांदा. दाबा."

"सगळं जाईल अप्पा."

"जावईबापू, मी सांगतोय ना, थाप आहे. दाबा."

"मी म्हणतो जरा थांबावं," इंजिनिअर म्हणाले, आणि हेडक्लार्कांनी दाबलं.

पत्ते उलगडले. काकूंच्या हातात दोन राण्या होत्या, तिसरी समोर पडलेली. तीन राण्यांपुढे नव्वीची जोडी म्हणजे मांडवाबाहेरची चप्पल. मग टेबलाच्या कोपऱ्यात, खेळाडू एकमेकांना लिहितात त्या चौकोनात, काकूंची ओळ उमटली: "माफ करा, उशीर झाला. पेनल्टी बघत होते."

टीव्हीवर लोक नाचत होते, पण कुठल्या संघाचे ते तिघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. आणि मग टीव्हीच्या मागून, खोलीच्या दारातून, आवाज आला.

"किती लावले होते?"

पावणेनऊ केव्हाच वाजून गेले होते, आणि बायको टीव्हीपलीकडे उभी होती. पर्स अजून खांद्याला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काही नाही," हेडक्लार्क म्हणाले. "फुकट असतं."

"मग एवढा घाम कसला आलाय तुम्हाला? आणि अप्पा, तुम्ही? एकशे बारा कॅट जप्त केले होते ना तुम्ही?"

"चूक माझी आहे," अप्पा म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. त्यांनी वही मिटली आणि जावयाकडे पाहिलं. "तेहतीस वर्षांत माझा शेरा चुकला नव्हता. बाई मॅच बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपणही बघत होतो की."

"बटण मी दाबलं, अप्पा."

"मी दाबायला लावलं."

"मी नसतं दाबलं तर?"

"पण मी सांगितलं नसतं तर तुम्ही दाबलंच नसतं."

"इंजिनिअर थांबा म्हणत होते," हेडक्लार्क म्हणाले.

"ते नेहमीच थांबा म्हणतात," अप्पा म्हणाले, आणि इंजिनिअर दुखावून पाणी प्यायला गेले.

बायकोने पर्स खाली ठेवली. तिला रागवायचं होतं, नर्सच्या आवाजात, दोघांनाही. पण हे दोघं एकमेकांच्या चुकीवर हक्क सांगत इतक्या तावातावाने बोलत होते की तिला मध्ये शिरायला जागा सापडेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "टीव्ही जागेवर ठेवा, मला आत यायचंय."

तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस दोन दिवसांत आलं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, उपांत्य फेरीत हरलेल्या दोन संघांचा तिसऱ्या क्रमांकासाठी सामना असतो. त्याच्या दोन जागा. वरच्या मजल्यावर, शेवटून तिसरी रांग.

"हरलेल्यांची मॅच," बायको म्हणाली. "ती बघायला कोण जातं?"

"हरलेले," अप्पा म्हणाले. "जाऊ आपण, जावईबापू?"

बस अठरा मिनिटं उशिरा सुटली. अप्पांनी ड्रायव्हरला कारण विचारलं, त्याने ते ताबडतोब सांगितलं, आणि अप्पा समाधानाने बसले. खरी अडचण मैदानाच्या फाटकावर आली. तिथल्या पहारेकऱ्याने अप्पांची काठी धरली. लांब वस्तू आत नेता येत नाही. काठी इथे ठेवा, जाताना घ्या.

अप्पांनी काठी सोडली नाही, पण त्यांचा चेहरा पडला. दोन तास बसून आले होते, पाय आखडले होते, आणि वर जायला एकशे चार पायऱ्या होत्या. मागे रांग वाढत होती. हेडक्लार्क पुढे झाले.

"नियम लेखी आहे का?" त्यांनी विचारलं.

पहारेकऱ्याने मागच्या फलकाकडे बोट दाखवलं. बारीक अक्षरात बावीस कलमं. रांगेतले लोक ओरडू लागले. हेडक्लार्कांनी चष्मा लावला आणि पहिल्या कलमापासून वाचायला सुरुवात केली, कारण मधूनच वाचायची त्यांना सवय नव्हती. चौदाव्या कलमाशी ते थांबले.

"लांब अगर टोकदार वस्तू नेण्यास मनाई आहे," त्यांनी मोठ्याने वाचलं, "चालण्यास आवश्यक साधने वगळून. वगळून, म्हणजे ती सोडून. हे कलम तुमच्याच फलकावरचं आहे. काठी काढून घ्यायची तर मला तसं लेखी द्या. तारीख, वेळ, तुमचं पूर्ण नाव. समास दोन इंच सोडा."

पहारेकऱ्याने काठी सोडली.

"कचेरीत असंच बोलता तुम्ही?" आत गेल्यावर अप्पांनी विचारलं.

"रोज."

"लोक मारत कसे नाहीत?"

"बोलतात मागून," हेडक्लार्क म्हणाले. "मी ऐकलं परवा."

एकशे चार पायऱ्या त्यांनी पाऊण तासात चढल्या. दर दहा पायऱ्यांना अप्पा थांबत, घड्याळ बघत आणि आपण वेळेत असल्याचं जाहीर करत. शेवटच्या वीस पायऱ्या त्यांनी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात जावयाचा दंड धरून काढल्या. वर पोचल्यावर दोघंही धापा टाकत आपल्या जागांवर टेकले. खाली मैदान पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं.

पण सामना काय झाला! त्या बावीस जणांना आता गमवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळे मोकळे सुटले होते. बचाव करायचं कुणाच्या मनातच नव्हतं. गोलरक्षकसुद्धा मधल्या रेषेपर्यंत फिरून येई. सात गोल झाले. दर गोलाला हेडक्लार्कांचा अंगठा आपोआप मांडीवर दाबला जाई आणि दर वेळी पुन्हा दाखवायला तिथे काही नसल्यामुळे गोल एकदाच होई, आणि संपून जाई. पाचव्या गोलाला सगळं मैदान उभं राहिलं तेव्हा अप्पाही उभे राहिले. हेडक्लार्कांनी त्यांना धरायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. अप्पा ओरडत होते. काठी खुर्चीखाली घरंगळून गेली होती आणि ते तिच्याकडे बघतही नव्हते.

घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. बायकोची सुट्टी होती. तिने दार उघडलं, अप्पांच्या पायांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्हीकडे काही बिघडलेलं नाही याची खात्री झाल्यावर विचारलं, "कोण जिंकलं?"

"ते महत्त्वाचं नाही," अप्पा म्हणाले. "तो चौथा गोल ऐक आधी. डावीकडून तो टकल्या आला..."

"उजवीकडून, अप्पा."

"डावीकडून. मी काय आरशात बघत होतो?"

"तुम्ही तेव्हा घड्याळ बघत होता. तो उजवीकडून आला, आणि त्या उंच माणसाला असं दाखवलं की चेंडू इकडे देणार..."

"थाप," अप्पा म्हणाले. "शुद्ध थाप होती ती, जावईबापू. मी तेव्हाच ओळखलं."

"आता म्हणताय. तेव्हा तुम्ही ओरडत होता की तो पडणार म्हणून."

"चहा घेणार का?" बायकोने विचारलं.

अप्पा टेबलावरची बशी आणि पेला घेऊन मैदान मांडत होते. पेला टकल्याचा, बशी त्या उंच माणसाची. हेडक्लार्कांनी पेला उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. अप्पांनी तो परत आणला. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग ती दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ उभी राहिली, आणि आत जाऊन तिने एकाच माणसापुरता चहा टाकला.